मांजरीचे दात

पहाटेच्या सुमारास आमच्या उजव्या करंगळीला दात लागतात. रुतत नाहीत, नुसते टेकतात. कागदावर टाचणी ठेवावी आणि दाब देण्याआधीच उचलून घ्यावी, इतकाच तो स्पर्श असतो. डोळे उघडून पाहावे तर उशाशी आमची मनी पाठ ताठ करून बसलेली असते आणि खिडकीबाहेरच्या पागोळ्यांकडे अशा तटस्थपणे पाहत असते, की चावणारी ती नव्हेच, दुसरीच कोणी असावी. आम्ही पुन्हा डोळे मिटले, की पुन्हा करंगळी. हा क्रम गेली काही वर्षे चालू आहे, आणि त्याचा अर्थ काय या प्रश्नाने आम्हांला जेवढे छळले आहे तेवढे अभ्यासक्रमातल्या एखाद्या दुर्बोध कवितेनेही छळलेले नाही.

मांजर आपल्या माणसाला हळूच का चावते? प्रश्न क्षुल्लक आहे, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो. पण ज्याचा व्यवसायच मुळी चिन्हांचे अर्थ लावण्याचा, त्याला रोज पहाटे एक चिन्ह थेट कातडीवर मिळावे आणि त्याला ते वाचता येऊ नये, ही अवस्था थोडी लाजिरवाणी आहे. म्हणून हा खटाटोप.

आम्ही नोकरीनिमित्त हरसूलला राहतो. नाशिकहून निघून गिरणारे मागे टाकले आणि वाघेरा घाट ओलांडला, की त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा पश्चिम भाग लागतो. उतारांवर नागली आणि वरई, खाचरांत भात, मध्येच खुरासणीची पिवळी फुले. कोकणा, महादेव कोळी, वारली अशा समाजांची गावे आणि पाडे. आणि पावसाळ्याचे चार महिने असा पाऊस, की भिंतींना बुरशी धरते आणि पुस्तकांना वास येतो. इथल्या घरांत मांजर हौसेखातर पाळले जात नाही. कणगीत वर्षाचे धान्य असते, धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे मांजर. माणसाची आणि मांजराची सोयरीक जगात इतरत्रही अशीच धान्याच्या साठ्यापाशी जुळली असावी, असे अभ्यासक मानतात. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. त्याचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या मांजराने त्या माणसाची करंगळी किती वेळा चावली असेल, हे मात्र हाडांवरून कळत नाही.

२०१९ च्या जुलैत आमच्या घरमालकीण आजींनी फडक्यात गुंडाळलेले एक पिलू आमच्या दारात आणून ठेवले. जेमतेम तीन आठवड्यांचे असेल. डोळे उघडलेले, पण त्यांवरचा निळसर पडदा अजून गेलेला नव्हता. त्याची आई दोन रात्री परतली नव्हती आणि उरलेली भावंडे पावसाने गेली होती. “ठेवा मास्तर, पुस्तकांना उंदीर तरी लागणार नाहीत,” एवढेच आजी म्हणाल्या. आम्ही कापसाच्या बोळ्याने आणि पुढे चमच्याने त्याला वाढवले. नाव ठेवण्यात कोणतीही कल्पकता दाखवली नाही. मराठी घरातली मांजर मनीच असते.

चार महिन्यांची झाली तेव्हा मनी दिसेल ते चावू लागली. आम्ही ओरखडलेली बोटे आजींना दाखवली, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत, मास्तर. तुम्ही काही पिलू नाही.”

म्हण आम्हांला अर्थातच ठाऊक होती. इतकेच नव्हे, तर वर्गात आणि वर्गाबाहेर आम्ही ती अनेकदा वापरलीही होती. आईबापांचे, गुरुजनांचे बोलणे कितीही कठोर वाटले तरी ते हिताचेच असते. मांजरी आपल्या पिलाला ज्या दातांनी उचलते त्याच दातांनी उंदीर मारते, पण पिलाला ते दात लागत नाहीत. मांजराविषयी मराठीत चांगले बोलणाऱ्या म्हणी फार थोड्या. डोळे मिटून दूध पिणारी ती, आडवी जाणारी ती, शिंके तुटले की साधून घेणारा तिचा बोका. त्या सगळ्या बदनामीत ही एकच म्हण मांजरीच्या बाजूने साक्ष देते. मात्र आजींनी ती उलटी करून आमच्यासमोर ठेवली होती. दात लागत नाहीत खरे, पण कोणाला? हा प्रश्न आम्ही म्हणीला कधीच विचारला नव्हता.

मग आम्ही मनीचे चावे मोजू नाही, तरी निरखू लागलो. हळूहळू लक्षात आले, की ज्याला आपण एकाच शब्दाने ‘चावणे’ म्हणतो त्यात निदान पाच निरनिराळ्या क्रिया कोंबलेल्या आहेत.

पहिली दातांची. मांजराच्या पिलाला सव्वीस दुधाचे दात असतात. ते साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे तीस दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चपलेचा पट्टा, वहीचा कोपरा, मालकाचे बोट असा भेदाभेद उरत नाही. दुसरी क्रिया खेळाची: पांघरुणाखाली पाऊल हलले, की त्यावर झडप. तिसरी लाडाची म्हणावी अशी. मनी आमचे मनगट चाटत असते आणि चाटता चाटता पुढच्या बारीक दातांनी केस कुरतडते. मांजरी एकमेकींना चाटून स्वच्छ करतात तेव्हा गुंतलेले केस अशाच सोडवतात. म्हणजे इथे आम्हांला कुटुंबात घेऊन आमची वेणीफणी चाललेली असते. चौथी क्रिया याच्या अगदी उलट अर्थाची. आम्ही वाचता वाचता यांत्रिकपणे तिच्या पाठीवरून हात फिरवत राहतो, ती काही काळ गुरगुरत ते सोसते, आणि मग एकाएकी मान वळवून दात लावते. ‘एकाएकी’ हा आमचा शब्द. तिच्या बाजूने पाहिले तर सूचना केव्हाच दिलेली असते: शेपटीचे टोक आपटू लागलेले असते, कान मागे वळलेले असतात, पाठीवरची कातडी थरथरून गेलेली असते, बाहुल्या रुंदावलेल्या असतात. इतके सगळे सांगूनही समोरचा वाचकच पुस्तकात गुंग असेल, तर शेवटी दात उरतात. आणि पाचवी क्रिया ती पहाटेची. ती मात्र आम्हीच शिकवली. एकदा करंगळी चावल्यावर आम्ही उठलो आणि दूध दिले; मनीने त्यावरून रास्त निष्कर्ष काढला.

चाटण्याचे आणि चावण्याचे नाते आपल्याला वाटते तितके सरळही नाही. रुद फान डेन बोस या डच अभ्यासकाने १९९८ साली एकत्र राहणाऱ्या मांजरांच्या परस्परांना चाटण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उघड भांडण महागात पडेल अशा ठिकाणी दडलेला आक्रमकपणा चाटण्याच्या वाटेने निघून जात असावा, असे त्याचे अनुमान आहे. ज्यांचा संसार बरीच वर्षे झाला आहे अशा वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

या पाचही क्रिया ज्या दातांनी होतात ते दात मुळात कशासाठी आहेत, हेही विसरून चालत नाही. पाउल लायहाउझेन या जर्मन संशोधकाने मांजरकुळाच्या वर्तनाचा दीर्घ अभ्यास केला. त्यात मानेवरच्या चाव्याला मोठे स्थान आहे. उंदराच्या मानेत नेमक्या मणक्यांच्या सांध्यात सुळा घुसतो आणि काम संपते. सुळ्यांच्या मुळांशी दाब ओळखणारे मज्जातंतू असल्यामुळे ही नेमकेपणाची करामत अंधारातही साधते. पण आई पिलाला उचलते तीही मानेलाच धरून, आणि मीलनाच्या वेळी बोका मांजरीला धरतो तोही मानेलाच. मारणे, वाहून नेणे आणि मीलन, या तिन्हींसाठी निसर्गाने एकच जागा आणि एकच हत्यार ठेवले आहे. फरक आहे तो फक्त दाबाचा.

आपल्या परंपरेने या दाबातून एक अख्खी भक्तिमीमांसा काढली. श्रीवैष्णवांच्या दोन शाखांमधला वाद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी प्रसिद्ध आहे. माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तसे भक्तानेही आपल्या बाजूने काही केले पाहिजे, असे वडकलै शाखा म्हणते. तेंकलै शाखेच्या मते मांजराचे पिलू काहीच करत नाही. ते अंग सैल सोडते आणि आई त्याला तोंडात धरून नेते. ईश्वराची कृपा अशी. आपल्याकडे मांजर पिलांना सात घरे फिरवते म्हणतात. त्या फिरवण्यातही पिलाचे काम एकच, सैल राहणे. मार्जारन्यायाचा दृष्टान्त सांगताना भर नेहमी पिलाच्या विश्वासावर दिला जातो. पण तो विश्वास ज्यावर उभा आहे ते मांजरीचे कसब, उंदराचा मणका तोडणारा जबडा पिलाच्या मानेवर नेमका किती मिटायचा हे कळणे, त्याकडे भाष्यकारांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

हरसूलच्या आसपास मात्र त्या जबड्याकडे लोकांचे लक्ष बरोबर गेलेले आहे. आश्विन वद्य द्वादशीला, इतर महाराष्ट्र वसुबारस साजरी करतो त्या दिवशी, या डोंगरपट्ट्यात वाघबारस असते. शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांना, माणसांना सांभाळ म्हणून विनवतात. मांजर वाघाची मावशी, हे आपण लहानपणी ऐकलेले असते; तिने भाच्याला सगळ्या विद्या शिकवल्या आणि झाडावर चढणे तेवढे राखून ठेवले, ही गोष्टही. ती गोष्ट इथे टिकत नाही. इथे वाघ म्हणून जो वावरतो तो बहुधा बिबट्या, आणि बिबट्या झाडावर उत्तम चढतो. म्हणजे इथल्या मावशीने काहीच राखून ठेवलेले नाही. वाघबारशीला लोक वाघाजवळ जे मागतात ते मावशी आमच्या उशाशी बसून न मागता देते, असे एका पहाटे आमच्या मनात आले. दात आहेत, पण ते लागणार नाहीत.

‘दात आहेत, पण ते लागणार नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय, हा प्रश्न ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञाने फार गंभीरपणे घेतला होता. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात त्याने दोन लहान माकडांना खेळताना पाहिले. त्यांच्या हालचाली भांडणाच्या होत्या आणि तरीही ते भांडण नव्हते, हे पाहणाऱ्याला कळत होते आणि माकडांनाही कळत होते. त्यावरून त्याने जो निबंध लिहिला तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सार आम्ही आमच्या शब्दांत असे मांडू: खेळातला चावा खऱ्या चाव्याचा निर्देश करतो, पण खरा चावा ज्याचा निर्देश करतो त्याचा निर्देश हा चावा करत नाही. म्हणजे प्राणी एकाच वेळी दोन विधाने करतो. ‘मी चावतो आहे’ हे पहिले आणि ‘हे चावणे नव्हे’ हे दुसरे. भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, दातांच्या दाबात, चिन्ह आणि वस्तू यांची फारकत होऊन गेली होती.

भारतीय काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे शंकुक आठवल्याशिवाय राहणार नाही. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या या आचार्याचे मत आपल्यापर्यंत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून पोचले. चित्रातला घोडा पाहताना होणारे ज्ञान धड सम्यक नसते, मिथ्या नसते, संशयाचे नसते आणि नुसत्या सादृश्याचेही नसते. नटाला राम म्हणून पाहताना होणारे ज्ञान तसेच वेगळ्या जातीचे, असे तो म्हणतो. हा चित्रतुरगन्याय आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. तो आम्हांला खरा कळला असेल तर दोन ठिकाणी. एक, बोहाड्यात. मोखाडा, जव्हार आणि आमच्या या पट्ट्यात रात्ररात्र मुखवट्यांची सोंगे नाचतात, आणि शेवटी देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते. अवजड मुखवट्याखालचा माणस घामाने निथळत असतो, शस्त्र उगारले जाते, लहान मुले आईच्या पदराआड जातात, आणि वध होतो, पण कोणी मरत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे आमची करंगळी. तो चावा खरा नाही आणि खोटाही नाही. चावा आहे की नाही असा संशयही नाही, आणि तो चाव्यासारखे दुसरे काही आहे असेही नाही. चित्रतुरगासारखा तो चित्रदंश आहे, असे म्हणावे.

इथवर आलो तेव्हा आम्ही स्वतःवर बरेच खूश होतो. अभिधेने चावा, व्यंजनेने प्रेम, असे एक नेटके सूत्र हाती लागले होते. अशी सूत्रे हाती लागली की सावध व्हावे, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.

२०२० च्या उन्हाळ्यात महाविद्यालय बंद होते. पाड्यांवर मोबाइलला रेंज नसल्यामुळे दूरस्थ तासांना चार-दोन मुलेच येत, आणि उरलेला सगळा दिवस आम्ही आणि मनी समोरासमोर. खेळ एकच: आम्ही चटईवर बोटे नाचवायची आणि तिने त्यांवर झेपावायचे. तिच्या लहानपणापासून आम्ही हाच खेळ खेळत आलो होतो. एका दुपारी तिने अंगठ्याच्या मुळाशी दात लावले, आम्ही हात मागे खेचला आणि सुळा आत गेला. रक्ताचा एक थेंब आला, मग दुसरा. मनी एका उडीत बाजूला झाली आणि आमच्याकडे पाहत राहिली. तिच्या दृष्टीने खेळ चालूच होता.

साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धरला आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या सिस्टरांना आम्ही सांगू लागलो, की मांजर पाळीव आहे, चावण्याचा तिचा उद्देश नव्हता, खेळता खेळता... त्यांनी हात उलटा करून पाहिला आणि विचारले, “रक्त आलं का?” आले, म्हणालो. “मग झालं तर.” रेबीजच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने केलेली वर्गवारी अशी: उघड्या कातडीला जनावराने नुसते कुरतडले, रक्त आले नाही, तरी तो दुसरा वर्ग, आणि लस घ्यावी लागते, कातडी फुटून रक्त आले की तिसरा वर्ग, मग लसीबरोबर जखमेत सीरमही. उद्देशाचा रकाना त्या वर्गवारीत नाही. असायचे कारणही नाही. विषाणू लाळेतून जातो, उद्देशातून नव्हे, आणि रेबीज एकदा उमटला की त्यावर जवळपास उपाय नाही. आमच्या जखमेत सीरम टोचले गेले, आणि पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही दंडांत लस. वैद्यक व्यंजना मानत नाही. ते अभिधेवर चालते, आणि त्या दुपारी ते बरोबर होते.

दंड दुखत असताना आम्ही पुन्हा वाचायला बसलो, आणि जे पहिल्यांदाच वाचायला हवे होते ते तेव्हा वाचले. हळू चावणे मांजराला संपूर्ण उपजत येत नाही. त्याचा मोठा भाग शिकावा लागतो. पिले चार आठवड्यांची झाली की आपसांत झोंबू लागतात. एकाने जोरात दात लावले की दुसरे केकाटते, उलटून चावते किंवा खेळ टाकून निघून जाते. आई फार झाले की पंजा मारते किंवा उठून जाते. खेळ थांबणे हीच शिक्षा. अशा शेकडो थांबलेल्या खेळांतून पिलाच्या जबड्याला आपल्या दाबाची मर्यादा कळते. मांजराच्या सामाजिक घडणीचे सर्वांत नाजूक आठवडे दुसऱ्यापासून साधारण सातव्यापर्यंतचे मानतात. एकट्याने, माणसाच्या हातावर वाढलेल्या पिलाला ही शाळा मिळत नाही, आणि अशी पिले पुढे जोरात चावतात, असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यात पुन्हा भावंडांच्या अंगावर सैल कातडी आणि दाट केस असतात. आमच्या हातावर ते नाहीत. भावंडाला जो चावा गुदगुल्यांसारखा, तो आम्हांला रक्त काढणारा.

मनीची भावंडे त्या जुलैत पावसाने गेली होती. तिच्या चाव्याला केकाटणारे कोणी उरले नव्हते. आणि आम्ही? आम्ही चार महिने, आठ महिने बोटे पुढे करत राहिलो, लागले तरी कौतुकाने हसत राहिलो. तिने शिकावे तरी कोठून?

म्हणजे मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत ते तिच्या मनात माया असते एवढ्यावरून नव्हे. मनीच्या मनात आमच्याविषयी माया नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. ते दात लागत नाहीत, कारण त्या मांजरीने कधीकाळी स्वतः पिलू असताना दुसऱ्याचे केकाटणे ऐकलेले असते. चाव्याचा हळुवारपणा चावणाऱ्याच्या हेतूत राहत नाही. ज्याला चावले त्याच्या आवाजातून तो येतो, आणि तो आवाज कानावर पडला नाही तर येतच नाही.

हे लिहिताना आम्हांला दुसरीच एक गोष्ट सांगायची आहे, हे आता लपवत नाही.

२०१७ साली आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गाला ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलीचा निबंध उत्तम होता. प्रमाण मराठी तिने कष्टाने कमावली होती. पाच पानांत कोठे घसरली नव्हती. एकाच वाक्यात, गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे असे लिहिताना, ‘आहे’च्या जागी ‘आहा’ आले होते. इकडच्या कोकणा बोलीत ‘आहे’ला ‘आहा’ म्हणतात. आम्ही तो निबंध वर्गात कौतुकाने वाचून दाखवत होतो, आणि ते वाक्य आल्यावर आम्हांला मोह आवरला नाही. आम्ही थांबलो, हात पसरले आणि नाटकी सुरात म्हणालो, “आहा! काय हे गाव!” वर्ग हसला. तीही हसली. ज्या मुलांच्या घरी तो शब्द दिवसातून शंभर वेळा बोलला जात होता, तीही हसली. आम्ही लगेच निबंधाची स्तुती केली, पुढच्या तासाला बोलीभाषांचे महत्त्व हा विषय शिकवला, आणि विसरून गेलो. त्यात दुखावण्याचा हेतू लवमात्र नव्हता; उलट तो जवळिकीचा चिमटा होता. चावाच, पण चावा नव्हे.

दुसऱ्या वर्षाला विशेष विषय निवडताना तिने मराठी घेतली नाही, भूगोल घेतला. आम्हांला वाईट वाटले, पण कारण शोधावेसे वाटले नाही. व्हरांड्यात दिसली की नमस्कार करी. वर्गात बोलली असेल तर ते आम्हांला ठाऊक नाही, कारण ती आमच्या वर्गात नव्हती.

मनीच्या प्रकरणानंतर तो ‘आहा’ आम्हांला पुन्हा ऐकू येऊ लागला. व्यासपीठावर उभा असलेला शिक्षक हे एकट्याने वाढलेले पिलू असते. त्याच्या चाव्याला कोणी केकाटत नाही. केकाटण्याची मुभा नसलेले लोक हसतात, आणि हसण्याचा आवाज टाळीसारखा असतो. वर्षानुवर्षे असे हसणे ऐकले, की आपले दात लागत नाहीत अशी त्याची खात्री पटत जाते. शिवाय पाठीशी म्हण असतेच. समीक्षेच्या प्रांतातही याहून वेगळे काही घडते असे आम्हांला वाटत नाही. नव्या कवीच्या पहिल्या संग्रहावर लिहिताना आपण दोन वाक्ये खुमासदार लिहितो, वाचक हसतात, कवी पत्र पाठवून आभार मानतो, आणि दुसरा संग्रह येत नाही.

२०२३ च्या पावसाळ्याआधी आठवडी बाजारात ती भेटली. कडेवर मूल होते. आम्ही इकडचे तिकडचे बोललो, मुलाचे नाव विचारले, आणि मग तो प्रसंग काढला. आठवतो का, असे विचारले. चूक झाली होती, असेही म्हणालो. ते म्हणताना वाक्य नीट जुळले नाही.

तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. “हसलेच होते की मी तेव्हा, सर,” ती म्हणाली, आणि पुन्हा तशीच हसली.

ते हसणे क्षमेचे होते, की काही झालेच नव्हते असे सांगणारे होते, की तेव्हाचेच ते हसणे इतकी वर्षे जसेच्या तसे ठेवलेले होते, ते आम्हांला वाचता आले नाही. मुलाने तिच्या खांद्यात तोंड खुपसले होते. बहुधा त्याला नवे दात येत असावेत; तो तिच्या पदराखालून खांदा चावत होता, आणि ती त्याला न रागावता, बोलता बोलताच, बारीकसा “आई गं” करत होती. तो थांबत होता, तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि पुन्हा, थोडे हळू, चावत होता.

मनीला आम्ही उशिरा शिकवले. बोटे नाचवणे बंद केले. खेळायला दोरीला बांधलेले कणसाचे साल आले. दात जोराने लागले की हात खेचायचा नाही, कारण निसटते ते सावज असते. हात सैल सोडायचा, बारीकसा आवाज करायचा, खेळ तिथेच थांबवायचा आणि उठून दुसऱ्या खोलीत जायचे. शेपटीचे टोक हलू लागले की हात काढून घ्यायचा. पहिले काही आठवडे आजी खिडकीतून पाहत आणि मास्तर मांजरासमोर केकाटतात म्हणून हसत. सहा-सात महिने लागले. मांजर मोठी झाली तरी शिकते, फक्त आवाज करावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी करावा लागतो.

आता पहाटे दात टेकतात आणि थांबतात. त्या थांबण्यात ती कशाची तरी वाट पाहत असते, असे आम्हांला अलीकडे जाणवू लागले आहे. आम्ही झोपेतच हलका हुंकार देतो. तो मिळाला, की मगच ती दात काढून घेते.